मदत हवी आहे: बेने इस्रायली कीर्तनांच्या चाली कुणाला येतात का?

नमस्कार मंडळी,

माझी अलिबागची बालमैत्रीण बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. ती लग्नानंतर इस्रायलला गेली आणि दिमोनात स्थायिक झाली. तिची लेक तिथलीच. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिब्रूत देते आणि देवनागरी तिला वाचता येत नाही. सध्या तिने आजीची एक जुनी वही काढलीय. त्यात योसेफाच्या कथेवरचं मराठी कीर्तन हाताने उतरवलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्रायलींनी हरिदासी कीर्तनाचा बाज उचलून बायबलमधल्या कथा सांगायला सुरुवात केली, त्यातलंच हे असावं.

वहीच्या पानांचे फोटो माझ्याकडे आलेत. अक्षर लागतं, अडलंय ते चालींपाशी. साकी, दिंडी अशी छंदांची नावं एवढंच वर लिहिलंय, कुठे कुठे जुन्या नाट्यपदाचा नुसता पहिला शब्द. पोरीला अर्थ नकोय, तो तिची आई सांगते. तिला हे गायचंय! कुणा कीर्तनकारांनी दोन-चार पदं म्हणून फोनवर रेकॉर्ड करून दिली तर फार बरं होईल. मानधन देऊ.

ती हिवाळ्यात इकडे येतेय. बेने इस्रायलींचे पूर्वज जिथे किनाऱ्याला लागले असं मानतात त्या नवगावचं स्मारक आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याचा, एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या चाकोऱ्या दाखवतात तो खडक, दोन्ही बघायचेत. वाट माहीत असलेलं अलिबागकडचं कुणी सोबत येईल का? मलिद्याची रेसिपी कृपया पाठवू नका, तो ती माझ्यापेक्षा चांगला करते.