मनश्शेचा पश्चात्ताप ही थाप आहे का?

वाचनवेडा

काल इथे एका सदस्याने ठोकून दिलं: 'मनश्शेबद्दल खरं तेवढं दुसऱ्या राजेच्या २१व्या अध्यायात आहे. दुसऱ्या इतिहासातली कैद आणि पश्चात्ताप म्हणजे मागाहून मारलेली थाप. विषय संपला.' विषय संपलेला नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. नवख्यांसाठी: मनश्शे हा यहूदा राज्याचा मूर्तिपूजक राजा, यरुशलेम ही त्याची राजधानी. 'राजे' आणि 'इतिहास' ही बायबलच्या जुन्या करारातली पुस्तकं, दोन्हींत त्याची गोष्ट आहे, पण पश्चात्ताप फक्त 'इतिहास'मध्ये.

'राजे' लिहिणारा तटस्थ होता हे कुणी सांगितलं? त्याच्यासमोर मोठा पेच होता. पुढच्या योशीया राजाने मंदिर स्वच्छ केलं, उच्च स्थानं म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थानं मोडीत काढली, कराराचा ग्रंथ लोकांना वाचून दाखवला. असा राजा आधी झाला नाही नि नंतरही झाला नाही, हे तोच लिहितो. मग इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम जळालं कसं? त्याने उत्तर शोधलं ते योशीयाच्या आजोबांत, म्हणजे मनश्शेत. २३:२६ पाहा, मनश्शेने चेतवलेला कोप योशीयानेही शमला नाही. २४:४ मध्ये तर स्पष्टच आहे, परमेश्वर क्षमा करायला राजी नव्हता. म्हणजे राज्य बुडाल्यावर मागे वळून दोषी नेमलेला आहे.

इतिहासकाराचा, म्हणजे 'इतिहास' लिहिणाऱ्याचा, पेच निराळा. त्याच्याकडे ज्याचं पाप त्याला शिक्षा, तीही त्याच्या हयातीत. उज्जीया राजा धूप जाळायला मंदिरात घुसला की कपाळावर कोड उठलंच. मग सगळ्यांत वाईट राजा ५५ वर्षं गादीवर कसा? हिज्कीयासारख्या भल्या राजाला २९ मिळाली, योशीयाला ३१. म्हणून ३३व्या अध्यायात अश्शूरचे सरदार येतात, मनश्शेला साखळदंडांनी बांधून बाबेलला (बॅबिलोनला) नेतात, तो प्रार्थना करतो, परत येतो. आणि राज्य बुडाल्याचा दोष ३६व्या अध्यायात शेवटचा राजा सिद्कीया, याजक आणि त्या पिढीवर जातो.

दोघांनीही आपापल्या प्रश्नाला उत्तर दिलंय. एकाला थापाड्या म्हणून दुसऱ्याला साक्षीदार ठरवणं हा अन्याय आहे.

पुरावा_दाखवा

तो सदस्य मीच. एक शब्दही मागे घेत नाही.

२ इतिहास ३३:१५ म्हणतं, मनश्शेने स्वतःच्या वेद्या काढून नगराबाहेर टाकल्या. मग २ राजे २३:१२ मध्ये योशीया मंदिराच्या दोन्ही अंगणांतल्या मनश्शेच्या वेद्या फोडतो, त्या कुठून आल्या? एवढंच नाही, खुद्द इतिहासकारच ३३:२२ मध्ये सांगतो की मनश्शेचा मुलगा आमोन याने बापाने केलेल्या मूर्तींना बळी दिले. नवी गोष्ट घुसवली की जुनीची टोकं अशी बाहेर डोकावतात.

आता अश्शूरची कागदपत्रं. इ.स.पू. ६७३ च्या सुमाराचा अश्शूरचा राजा एसरहद्दोन याचा लेख २२ राजांची यादी देतो, निनवेच्या वाड्यासाठी लाकूड-दगड ओढून आणायला लावलेल्या. त्यात यहूदाचा मनश्शे आहे. पुढे त्याचा मुलगा अश्शूरबनिपाल याच्या इजिप्त मोहिमेच्या यादीतही तो निमूट हजर. बंडाचा उल्लेख नाही, अटकेचा नाही. आणि राजधानी निनवे असताना कैदी बाबेलला कशाला?

वाचनवेडा

बाबेलचा प्रश्न विचारलात ते बरं झालं. इ.स.पू. ६५२ ते ६४८ मध्ये बाबेलच्या गादीवरच्या भावाने अश्शूरबनिपालविरुद्ध बंड केलं आणि अश्शूरबनिपालने ते शहर वेढून घेतलं. तुमच्या दोन्ही याद्या त्याआधीच्या आहेत. एखाद्या मांडलिकावर संशय येऊन त्याला तिथे हजर करणं यात अचाट काय? कैद करून परत गादी देणं हेही याच राजाचं धोरण होतं. इजिप्तमधल्या सैस नगराच्या नखो राजाला त्याने बांधून निनवेला नेलं आणि मग मानवस्त्रं, सोनं देऊन सैसला परत पाठवलं. हे अश्शूरच्याच लेखांत आहे. बर्लिनच्या संग्रहालयात एसरहद्दोनचा शिलास्तंभ आहे, त्यावर त्याने दोन कैद्यांच्या ओठांत अडकवलेली दोरी धरलीय. इतिहासकाराने मनश्शेला आकडे (हुक) अडकवून नेल्याचं लिहिलं ते हवेतून नाही.

कैद सिद्ध झाली असं माझं म्हणणं नाही. 'थाप' हा शब्द मात्र सहन होत नाही.

पुरावा_दाखवा

नखोचा दाखला चांगला आहे, मान्य करावाच लागतो. पण घडू शकलं असतं आणि घडलं यांत अंतर आहे. आणि वेद्यांचं उत्तर तुम्ही सफाईने टाळलंत.

नगरकर_बाई

तुम्ही दोघं वेद्या मोजत बसा. मला २ राजे २१:१६ बद्दल बोलायचंय. मनश्शेने एवढं निर्दोष रक्त सांडलं की यरुशलेम या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं. आता २ इतिहास ३३ उघडा. बआलच्या वेद्या आहेत, जादूटोणा आहे, आकाशातल्या ताऱ्यांची पूजा आहे. हे वचन नाही! मेलेली माणसंच काढून टाकलीत. ती असती तर ती क्षमा एवढी सहज लिहिता आली नसती.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) मनश्शेवर उपदेश झाला की नेहमी ३३वा अध्याय. साखळ्या, अश्रू, कृपा. २१:१६ आजवर कुणी वाचलेलं मी ऐकलं नाही. माझ्या एका नातलगाने माझ्या आईच्या वाट्याची जमीन खोट्या सह्यांनी विकली. काही वर्षांनी त्याने सभेत रडून साक्ष दिली, लोक उठून उभे राहिले, पुढच्या बाकावर त्याची जागा झाली. आईला गुंठाभरही परत मिळाला नाही. वर तिलाच सांगितलं, ताई, मनात कटुता ठेवू नका.

शांतीदूत

ताई, तुमच्या आईचं दुःख खरं आहे. पण त्याचा राग पवित्र शास्त्रावर काढू नका. माझे वडील दारूपायी घर धुळीला मिळवून बसले होते. आम्हा भावंडांना ३३:१२-१३ ने वाचवलं. ज्याने आपल्याच लेकरांना हिन्नोमाच्या खोऱ्यात अग्नीत घातलं त्याचं देव ऐकतो, तर माझंही ऐकेल, या एका आशेवर ते उभे राहिले. तुमच्या 'राजे'मध्ये त्यांच्यासाठी काय आहे? क्षमा नाही, एवढंच.

नगरकर_बाई

तुमच्या वडिलांनी स्वतःचं घर मोडलं आणि स्वतःच सावरलं. ते घरातलं घरात फिटलं. मनश्शेने दुसऱ्यांची घरं मोडली. या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका. आणि मी शास्त्रावर राग काढत नाही, शास्त्रातलंच वचन वाचून दाखवतेय. ते ऐकायला जड जात असेल तर तसं सांगा.

वाचनवेडा

बाई, रक्ताचं वचन गाळलंय हे खरं. पण इतिहासकाराने मनश्शेला धुऊन काढलं असं नाही. 'राजे'मध्ये तो एक मुलगा अग्नीत घालतो, इथे अनेक मुलगे. पाप वाढवलंय.

नगरकर_बाई

वाढवलं ते स्वतःच्या मुलांचं. परक्यांचं रक्त पुसलं.

अलिबाग_ते_अश्दोद

शालोम मंडळी. तुमचं भांडण बरंच जुनं आहे. आमच्या मिश्नात, म्हणजे इ.स. २०० च्या आसपासच्या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात, यादी आहे: तीन राजांना येणाऱ्या जगात (मरणानंतरच्या जीवनात) वाटा नाही, यराबाम, अहाब, मनश्शे. रब्बी यहूदा हरकत घेतात की मनश्शेला वाटा आहे, आणि आधार देतात नेमका २ इतिहास ३३:१३. बाकीचे उत्तर देतात: देवाने त्याला राज्यावर परत आणलं, येणाऱ्या जगाच्या जीवनात नाही. दोन्ही मतं शेजारी शेजारी छापलेली आहेत, एकही खोडलेलं नाही.

तनाखमध्ये, म्हणजे यहुदी बायबलमध्ये, 'राजे' संदेष्ट्यांच्या गटात येतं, 'इतिहास' शेवटच्या लेखांच्या गटात. शब्बाथच्या हफ्तारासाठी, म्हणजे सभास्थानातल्या संदेष्ट्यांच्या वाचनासाठी, 'राजे'मधले भाग आहेत, 'इतिहास'मधला एकही नाही. त्यामुळे आमच्या कोकणातल्या घरांतून आलेल्या माझ्यासारख्याला लहानपणी मनश्शे म्हणजे यशयाला मारणारा राजा एवढंच ठाऊक होतं. ती यशया संदेष्ट्याची गोष्ट मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथातली, तालमूदातली, दोन्ही पुस्तकांत नाही.

नगरच्या ताईंसाठी मिश्नातलंच आणखी एक. माणूस आणि देव यांच्यातलं पाप योम किप्पुर, आमचा प्रायश्चित्ताचा दिवस, फेडतो. माणूस आणि माणूस यांच्यातलं फेडत नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढली जात नाही.

शांतीदूत

म्हणजे तुम्हीही त्यांच्याच बाजूने. ज्यांची समजूत काढायची ते मेले असतील तर पापी माणसाने करायचं काय? जन्मभर दाराबाहेर उभं राहायचं?

नगरकर_बाई

त्यांच्या विधवा असतील, पोरं असतील. त्यांच्या दारात जायचं. ३३:१४ पासून पुढे वाचा. मनश्शे परत आल्यावर गीहोनच्या पश्चिमेपासून मत्स्यवेशीपर्यंत कोट बांधतो, सैन्याचे सरदार नेमतो, परमेश्वराची वेदी दुरुस्त करतो, शांत्यर्पणं करतो. कुणाला काही परत दिल्याचं एक वचन दाखवा. वाचनवेडा, तुम्ही दाखवा, तुम्हाला अध्याय पाठ आहे.

वाचनवेडा

नाही. तसं वचन त्यात नाही. पण 'राजे'मध्येही त्या मेलेल्यांपैकी एकाचं नाव नाही, त्यांच्या घरच्यांचं काय झालं त्याची एक ओळ नाही. रक्त तिथे मोजलंय ते राज्य का बुडालं हे सांगायला. तुमच्या आईसारख्या माणसाची बाजू दोघांनीही मांडलेली नाही.

नगरकर_बाई

निदान एकाने रक्त सांडलं असं लिहिलं तरी. मला तेवढं पुरेसं आहे. मी 'राजे'च्या बाजूने.

पुरावा_दाखवा

वेद्या अजून बाकी आहेत.

वाचनवेडा

घ्या वेद्या. ३३:१५ मध्ये त्या नगराबाहेर टाकल्यात, फोडल्या असं म्हटलेलं नाही. योशीयाने चुरा करून किद्रोन ओढ्यात फेकल्या. टाकलेलं आमोनने परत आणलं असेल.

पुरावा_दाखवा

'असेल' म्हणालात. आमोनने दोन वर्षं राज्य केलं आणि वेद्या परत आणल्याचं दोन्हीपैकी एकाही पुस्तकात नाही. ही गोष्ट आता तुम्ही रचलीत. इतिहासकारानेही असंच केलं असणार, एवढंच मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय.