अनुभव धागा : खेळाच्या तासाला आमची मुले

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे आणि शाळेत खेळाच्या तासाला चार वर्षे तिच्याकडे एकच काम होते, ते म्हणजे मैत्रिणींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत कठड्यावर बसून राहणे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचे कलम ३० क्रीडेतील सहभागाविषयीच आहे. परंतु ते मैदानापर्यंत पोहोचते का, हे अनुभवलेल्यांनीच लिहावे म्हणून हा धागा काढला आहे. नेमके काय बदलल्यावर मूल खेळू लागले, एवढे अवश्य लिहावे.

कोथरूड, दृष्टिहीन तरुण :
मी नऊ वर्षांचा असताना सोसायटीतील मुलांनी रबरी चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. टप्पा पडला की पिशवी सळसळायची आणि मी त्या आवाजावर बॅट फिरवायचो. पुढे अंधांच्या क्रिकेटमधला छर्रे भरलेला चेंडू हाती आला. गोलंदाज आधी "रेडी?" असे विचारतो, फलंदाजाने "येस" म्हटल्यावर "प्ले" असा पुकारा करून चेंडू खालून टाकतो. पूर्णतः अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात, त्याला मी सवलत मानत नाही, कारण त्या नियमामुळेच संघाला आमची गरज वाटते. दुचाकींच्या गोंगाटात मात्र छर्रे ऐकू येत नाहीत, म्हणून आम्ही रविवारी पहाटे सहाला खेळतो.

हडपसर, क्रीडाशिक्षक :
माझ्या वर्गातील स्वमग्न मुलगा शिट्टी वाजताच कान दाबून पळून जाई, म्हणून मी शिट्टी सोडून लाल रुमाल हलवू लागलो. आता तो लंगडीत राज्य घेतो. त्याच वर्गातील कर्णबधिर मुलीचीही रुमालामुळे सोय होईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

पिंपरी, वडील :
१९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, तरीही माझ्या व्हीलचेअरवरील मुलाला दोन तलावांवर "जबाबदारी कोण घेणार?" असे विचारून परत पाठवले. तिसऱ्या तलावावरील प्रशिक्षकांनी काठाच्या फरशीने अंग खरचटू नये म्हणून तिच्यावर दुमडलेला टॉवेल टाकला आणि त्याला स्वतःच खाली सरकू दिले.

कर्वेनगर, आई :
मुलीला संघात घेतले, रॅम्पही बांधला, परंतु मैदानावरील स्वच्छतागृहाचे दार तिच्या व्हीलचेअरपेक्षा अरुंद आहे. सामना असला की ती सकाळपासून पाणी पीत नाही.