इलेक्ट्रिक गाडीने लांबचा प्रवास: रस्ता चार्जर बघून ठरवावा का?

घाटमाथा:
माझं उत्तर हो. पुणे-गोवा इलेक्ट्रिक गाडीने करायचं तर आधी फास्ट चार्जर बघावेत, मग रस्ता, मग जेवणाची वेळ. ४५ युनिटची बॅटरी धरा. हायवेला शंभरने चालवली की युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर मिळतात. २० ते ८० टक्के भरलं की २७ युनिट, म्हणजे जेमतेम १७० किलोमीटर. ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंग इतकं मंदावतं की तिथे बसण्यापेक्षा गन (गाडीला लावायचा चार्जरचा प्लग) काढून पुढे निघालेलं बरं.

एक नियम मात्र मोडू नये. ज्या चार्जरवर थांबायचं, तिथे पोचताना त्याच्या पुढचा चार्जर गाठण्याइतकी बॅटरी शिल्लक हवी. पुण्याहून पूर्ण भरून निघालं की कराडला चाळीस टक्क्यांच्या आसपास उरते. कराडचा बंद निघाला तरी कोल्हापूर हातात असतं. कोल्हापूर हाच पहिला थांबा धरला आणि तो बंद असला, तर पंचाईत.

दापोलीकर:
पूर्ण असहमत. तुम्ही सांगताय तो प्रवास नाही, अभ्यास आहे. आमच्यासारखे लोक गणपतीला गावी जातात तेव्हा गाडीत आई-वडील, लहान मुलं, मखराचं सामान असतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, माणगावला तासन् तास जातात. त्यात चार्जरवर पुढे तीन गाड्या असतील तर प्रत्येकीची चाळीस मिनिटं धरा. मधुमेह असलेल्या वडिलांना मी सांगू का, की थांबा, अजून दोन तास? पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागतात. घरच्या माणसांचे हाल करून मला इंधन वाचवायचं नाही.

शाहूपुरी:
दापोलीकर, रांगेचा मुद्दा मान्य. कोंडीचा नाही. कोंडीत इलेक्ट्रिक गाडीला फक्त एसीची वीज लागते, तासाला एक-दीड युनिट. खरी बॅटरी खातो तो वेग. शंभरऐवजी ऐंशीने चालवा, वाऱ्याचा विरोध एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. तुमच्या त्या रस्त्यावर गाडी उलट लांब जाते.

धागाकर्त्यांनी एक गोष्ट सोडली. चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलेलं असतं, पण दोन गन असतील आणि दोन्ही लागल्या तर बऱ्याच ठिकाणी प्रत्येकीला ३० मिळतात. तुमची चाळीस मिनिटं तिथेच सव्वा तासाच्या घरात जातात. म्हणून ॲपमध्ये चार्जर चालू दाखवणारा नुसता हिरवा ठिपका बघू नका, गन किती आहेत आणि आज सकाळी कोणी तिथे चार्ज केलंय का ते बघा. आणि चार्जर मेलेला दिसला तर परत फिरण्याआधी त्यावरचं लाल आपत्कालीन बटण तपासा. कुणीतरी दाबून गेलेलं असतं. फिरवून सोडलं की बऱ्याचदा मशीन सुरू होतं.

सई_नाशिक:
मला राग येतो तो या सगळ्याचा भार गाडीवाल्यावर टाकला जातो याचा. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असं लिहिलंय. समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अशा गाड्यांना टोलही माफ केला. चांगलंच झालं. पण किती चार्जर बसवले यापेक्षा किती चालू आहेत हे कोण मोजतं? बंद चार्जरला दंड हवा. तोवर प्रत्येकाने पाच ॲप, पाच वॉलेट आणि प्रत्येकात अडकलेले पैसे घेऊन फिरायचं, याला मी नियोजन म्हणणार नाही.

घाटमाथा:
सईताई, दंडाचं शंभर टक्के पटलं. पण चार्जर सुधारेपर्यंत घरी बसायचं का? पुणे-गोवा एका बाजूला सत्तर युनिट धरले आणि सगळे बाहेर वीस-बावीस रुपयांनी घेतले तरी दीड हजाराच्या आसपास जातात. पेट्रोलला जवळपास दुप्पट.

दापोलीकर, गणपतीसाठी माझं मत वेगळं आहे. गावच्या घरी १५ ॲम्पियरच्या सॉकेटवर रात्रभर गाडी लावली तर पंचवीसेक युनिट भरतात. म्हणजे परतीच्या वेळी पहिली रांग टळते.

दापोलीकर:
आमचं घर जुनं आहे, अर्थिंग नाही. अर्थिंग नसेल तर गाडी चार्जिंग सुरूच करत नाही, हे शेजाऱ्यांच्या अंगणात बघितलंय. दिवा लाल, आणि आलेले पाहुणे वायरमनला फोन करतायत. शिवाय पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. पुण्याच्या हायवेचा हिशोब कोकणाला लावू नका, इतकंच म्हणणं आहे.

वेंगुर्ला_२:
घाटाचं कोणीच बोललं नाही. आम्ही आंबोलीमार्गे येतो. वर पूर्ण भरून घ्यावी की खाली सावंतवाडीकडे येऊन?

शाहूपुरी:
वर पूर्ण कधीच भरू नका. बॅटरी शंभरला असेल तर उतारावर चाकांनी मोटर फिरून तयार होणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पावसाळ्यात त्या घाटात ते नको. सत्तर-ऐंशी टक्क्यांवर उतरा. परत येताना मात्र सावंतवाडीहून आंबोलीची सुमारे सातशे मीटरची चढण धरा. नेहमीच्या खर्चाशिवाय निदान तीन युनिट जास्त, म्हणजे सपाटीवरचे वीस किलोमीटर. आकडा बघून घाबरायचं नाही, पण निघताना तेवढं जास्तीचं भरून घ्यायचं.

दापोलीकर:
ही माहिती कामाची आहे, आभार. माझं मत मात्र तेच. मुंबईत रोजच्या फिरण्याला इलेक्ट्रिक घेईन, आनंदाने घेईन. पण महाड ते चिपळूण पट्ट्यात एका जागी सहा-आठ गन आणि मागे जनरेटर दिसेपर्यंत आई-वडिलांना घेऊन गणपतीला पेट्रोलच.