'श्येन' पुरेसा आहे की मार्क 54च हवा?

दर्यावर्दी: पी-8आय गस्ती विमानांसाठी ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिकेशी 423 कोटींचा करार झाला. त्यात मार्क 54 हा पाणबुडीवर सोडायचा हलका पाणतीर (टॉर्पेडो) आहे. इकडे विशाखापट्टणमच्या एनएसटीएल या नौदल संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेला आणि भारत डायनॅमिक्स ही सरकारी कंपनी बनवत असलेला 'श्येन' हा देशी हलका पाणतीर 2012 पासून नौदलात आहे. वजन 220 किलो, व्यास 324 मिलिमीटर, 50 किलो स्फोटक. म्यानमारलाही आपण तो विकला. माझं मत असं, की बाहेरून अगदी गरजेपुरते घ्यावेत आणि उरलेला सगळा पैसा श्येन आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीत घालावा.

खोलपाणी: देशी म्हणून मलाही त्याचं कौतुक आहे, पण पाणबुडी कौतुकाने बुडत नाही. श्येनचा वेग 33 नॉट (ताशी सुमारे 61 किलोमीटर), पल्ला 7 किलोमीटर. म्हणजे तो जेमतेम सात मिनिटं धावतो. पुढे 20 नॉटने पळणारी डिझेल पाणबुडी असेल तर तेवढ्या वेळात पावणेतीन किलोमीटरचं अंतर तुटतं. 30 नॉटची अणुपाणबुडी असेल तर सहाशे-साडेसहाशे मीटर, बस्स. त्याहून लांब असली की ती निसटलीच. हिंदी महासागरात चिनी अणुपाणबुड्या येऊन गेल्या आहेत, हे विसरून कसं चालेल?

भरतीओहोटी: @खोलपाणी, हिशोब बरोबर आहे, पण तो मागून पाठलाग करण्याचा आहे. हेलिकॉप्टर पाणबुडीचा ठाव आधी घेतं आणि मग जवळजवळ डोक्यावर जाऊन पाणतीर सोडतं. पॅराशूट उघडतं, पाण्याला टेकताच सुटून जातं, समुद्राचं खारं पाणी बॅटरीत शिरतं आणि ती चालू होते. मग पाणतीर गोल घिरट्या घेत, आवाज सोडत आणि परतीचा आवाज ऐकत खाली उतरतो. अंतर तेव्हा काहीशे मीटरचं असतं. शिवाय डिझेल पाणबुडी 20 नॉटने पळाली तर तासाभरात तिची बॅटरी रिकामी, आणि आवाज इतका की शोधायचीही गरज नाही. अणुपाणबुडीचा मुद्दा मात्र खरा, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

खोलपाणी: डोक्यावर जाता येईलच कशावरून? 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ पाकिस्तानच्या पीएनएस हंगोर या पाणबुडीने आपली 'खुखरी' ही युद्धनौका बुडवली तेव्हा आपली जहाजं पाणबुडीच शोधत होती. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. आज पाकिस्तान चीनच्या मदतीने आठ नव्या पाणबुड्या बांधतोय आणि त्या वर्गाला नावही हंगोरच दिलंय. पहिली संधी हुकली तर दुसरी मिळत नाही, म्हणून माझ्या नौसैनिकाच्या हातात उपलब्ध असलेला सगळ्यात वेगवान पाणतीर हवा. तो कुठे बनला, हा प्रश्न नंतरचा.

दर्यावर्दी: खुखरीचं नाव निघालं की मलाही गलबलून येतं. पण 'सगळ्यात चांगला' पाणतीर कागदावर ठरत नाही. अमेरिकेचा मार्क 14 घ्या. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचे कप्तान ओरडून सांगत होते की पाणतीर जहाजाखालून निघून जातोय, आणि वरचे म्हणायचे तुमचा नेम चुकला. शेवटी जून 1942 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बनीजवळ मासेमारीचं जाळं पाण्यात टांगून पाणतीर सोडले. जाळ्याला पडलेली भोकं मोजली, तेव्हा तो ठरवलेल्या खोलीपेक्षा सरासरी 11 फूट खालून धावतो हे सिद्ध झालं. शांततेच्या काळात महाग म्हणून पुरेसे पाणतीर कधी सोडूनच पाहिले नव्हते. मूठभर विकत घेतलेले आपणही असेच जपून ठेवणार. स्वतः बनवलेला असेल तर दरवर्षी सोडा, सरावाचा पाणतीर वर तरंगला की उचलून आणा, उघडा, चुकलं ते दुरुस्त करा. अरबी समुद्राच्या कोमट वरच्या थराखाली ध्वनी कसा वाकतो हे आपल्याच लोकांनी त्यात भरायला हवं. बाहेरच्याचं सॉफ्टवेअर आपल्याला उघडून कोण देणार?

ध्वनिलहर: जाळ्याचा मुद्दा पटला. पण दर्यावर्दी, मग 33 नॉटवर थांबू नका ना. एनएसटीएलच्या पुढच्या पाणतीराचा वेग 50 नॉटपर्यंत आहे. 1 मे 2024 ला ओडिशाच्या किनाऱ्यावरून 'स्मार्ट'ची चाचणी झाली, त्यात क्षेपणास्त्र हलका पाणतीर लांबवर नेऊन सोडतं. तेवढ्या लांब नेऊन सोडलेला पाणतीर हळू निघाला तर नेण्याचा उपयोग काय? नवा पाणतीर जहाजांवर येईपर्यंत मार्क 54 लागणारच.

दर्यावर्दी: येईपर्यंत, मान्य. तारीख पुढे ढकलायला ते निमित्त होऊ नये, एवढीच भीती आहे.