जुन्या छोट्या ट्रॅक्टरला ऑइल प्रेशरचा काटा बसवावा का? मी म्हणतो बसवाच

मांडवाखालचा (तासगाव):
माझा १८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर हाय, जपानी डिझाईनचं तीन सिलिंडर इंजिन, सेकंडहँड घेतलेला, द्राक्षबागेत ब्लोअर (फवारणीचं यंत्र) आणि रोटर सोडून दुसरं काम नाय. समोर पाण्याचा काटा हाय, डिझेलचा हाय, ऑइलला मात्र नुसता एक लाल दिवा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस चिकटला, दावण्याच्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) धास्तीनं दिवसात दोन-दोन फवारण्या चालल्या होत्या, त्यात इंजिन आतनं ठोकायला लागलंय हे ब्लोअरच्या आवाजात कळलंच नाय. खोललं तर मेटल (क्रँकची बेअरिंग) घासून खालचं तांबं दिसायला लागलेलं, क्रँक ग्राइंडिंगला. आणि दिवा? एकदाबी लागला नाय. मला वाटलं दिवा खराब असंल तर मिस्त्री म्हणला दिवा चांगला हाय, तो लागतोच मुळी प्रेशर अर्ध्या किलोच्या (चौरस सेंटिमीटरला) आसपास उतरल्यावर. म्हंजे लोडमधी २४०० आरपीएमला जिथं दोन-अडीच किलोच्या वर पाहिजे तिथं एक किलोवर इंजिन मरत पडलं तरी दिवा गप्प. म्हणून इंजिन बांधताना काटा बसवून घेतला. जुनी गाडी असंल तर सगळ्यांनी बसवावा असं माझं स्पष्ट मत हाय. बोला.

पाना नंबर १४ (कराड):
बोलतो. २० वर्षं इंजिनं खोलतोय, काटा नव्हता म्हणून गेलेली इंजिनं बघितलीत तशी काट्यामुळं गेलेलीबी बघितलीत. लोकं काय करतात, दीडशे-दोनशेचा काटा आणायचा, त्याच्याबरोबर ती बारीक तांब्याची नळी, ब्लॉकपासनं डॅशपर्यंत सरळ ताणून बसवायची. तांबं हादऱ्यानं कडक होतं आणि एक दिवस निप्पलच्या (जोडाच्या) तोंडाशी तुटतं. तीन किलो प्रेशरनं ऑइल बाहेर, इंजिनात असतंय किती, तीन-साडेतीन लिटर, काही मिनिटांत रिकामं. प्लॅस्टिकची नळी असली तर सायलेन्सरला चिकटून वितळते. कंपनीनं दिलेलं एक भोक बंद होतं ते तुम्ही उघडून ठेवता आणि वर म्हणता सेफ्टी केली.

मांडवाखालचा:
नळी सरळ ताणली तर तुटणारच की अण्णा. मी जाळीचा होज वापरलाय, काटा डॅशवर पत्र्याच्या पट्टीला.

पाना नंबर १४:
तू वापरला. दहातले नऊ वापरत नायत.

उसातला (फलटण):
मला ह्यातलं सगळं पटत नाय. काटा लावला तरी बघणार कोण? बागेत माणसाचं लक्ष वर तारांकडं, मागं ब्लोअरकडं, घडाला धक्का लागतोय का तिकडं. आमच्याकडं ड्रायव्हर सरीत चाक घालताना पाण्याचा काटाबी बघत नाय, रेडिएटर उकळला की वास येतो तेव्हा उतरतो. त्यापेक्षा ऑइल येळेवर बदला, फिल्टर बदला, रोज सकाळी काडी (ऑइलची डिपस्टिक) बघा. काडी फुकट हाय.

मांडवाखालचा:
काडी मी रोज बघत होतो काका, लेव्हल बरोबर होती. बरोबर म्हंजे जरा वरच होती, आणि तिथंच फसलो. पंपातनं डिझेल ऑइलमधी उतरत होतं. ऑइल पातळ, लेव्हल वाढती, माणूस खूश. काडीवर ऑइल किती हाय ते कळतं, पातळ झालंय ते कळत नाय. प्रेशर पडलं असतं ते काट्यावर दिसलं असतं.

उसातला:
लेव्हल न टाकता वाढली तर तिथंच थांबायचं असतं पोरा. वास घेतला असता तर डिझेल कळलं असतं. ही काट्याची नाय, नाकाची गोष्ट हाय.

मांडवाखालचा:
(ह्याला मी काय उत्तर देणार, म्हातारं बरोबर बोललं.)

लेथवाला (मिरज एमआयडीसी):
भांडण चालू दे, पण बसवणाऱ्यांनी एवढं वाचा. जपानी ब्लॉकमधी दिव्याच्या स्विचचं भोक भौतेक एक सुताचं (१/८ इंच) असतंय, निमुळते आटे, आपल्या बीएसपीच्याच (ब्रिटिश पाइप आटे) घराण्यातले, इंचात २८. बाजारात काटे, सेंडर (वायरीनं काट्याला प्रेशर कळवणारा) एनपीटी (अमेरिकन) आट्यातबी मिळतात, ते इंचात २७. हाताला फरक कळत नाय. दोन-तीन फेरे गोड जातात, मग जाम होतं, माणूस पाना लावून दाबतो, आणि बिडाचा ब्लॉक तडकतो नायतर ऑइल पाझरत राहतंय. महिन्याला दोघं तरी हे घेऊन येतात माझ्याकडं. आटे मोजायची पट्टी मिळती, नसंल तर जुना स्विच काढून दुकानात घेऊन जा. दुसरं, स्विच काढून काटा बसवू नका, पितळी टी (तीन तोंडांचा जोड) टाका म्हंजे दिवाबी राहतो. आणि त्या टी वर जड सेंडर लटकवू नका, एक सिलिंडरवाल्या गाडीला तर अजिबात नको, हादऱ्यानं निप्पल मोडतंय. होजनं बाजूला घ्या.

पाना नंबर १४:
हे बरोबर सांगितलं. आता माझंबी ऐका. माझ्याकडं गॅरेजला एक चांगलं गेज हाय. वर्षातनं एकदा, छाटणीच्या आधी, ट्रॅक्टर घेऊन यायचं, तासभर लोडवर पळवून इंजिन तापवायचं, मग स्विच काढून गेज लावायचं. थंड इंजिनवर कुणाचंबी प्रेशर झकास दिसतं. आयडलला किती, फुल रेसला किती, वहीत लिहायचं, स्विच परत बसवायचा. नळी नाय, गळती नाय. कायमचा काटा कशाला?

मांडवाखालचा:
वर्षातनं एकदा बीपी बघून हार्ट अटॅक टळतोय का? माझं डिझेल महिन्याभरात उतरलं. जूनमधी तुमच्याकडं आलो असतो तर तुम्ही ओके लिहून पाठवलं असतं.

पाना नंबर १४:
आणि कायमचा काटा असलेली माणसं मला रात्री अकराला फोन करतात, अण्णा काटा साडेतीनचा तीनवर आला, इंजिन गेलं काय. आरं ऑइल तापलं की पातळ होणार, काटा उतरणारच. आयडलला पाऊण-एक किलो दिसलं की घाबरतात आणि जाड ऑइल टाकतात, मग सकाळी थंडीत ते वर चढायलाच वेळ घेतंय आणि वरचा हेड कोरडा. काट्यापेक्षा काट्याची भीती महाग पडते.

उसातला:
मघाशी म्हणलो तेच, बघणार कोण. त्यापेक्षा बझर लावा. दिव्याच्या वायरीलाच.

लेथवाला:
त्याच स्विचवर बझर लावला तर तोबी अर्ध्या किलोलाच बोंबलणार काका, दिव्याचं दुखणं तेच राहिलं. जास्त प्रेशरला लागणारा स्विच मिळतो, एक-सव्वा किलोवाला, पण तो तापलेल्या इंजिनला आयडलवर दर वेळी ओरडणार.

उसातला:
ओरडू दे. आयडलवर ट्रॅक्टर सोडून चहाला जाणाऱ्यांसाठी बराच हाय.

मांडवाखालचा:
😂 हे मात्र मनावर घेतो. माझं आत्ताचं सांगतो: तासभर ब्लोअर मारल्यावर आयडलला ०.९, २४०० ला ३.२.

पाना नंबर १४:
नवीन मेटलवर येणारच. तेच आकडे मडगार्डच्या आतनं पेंटनं लिहून ठेव, तारखेसकट. पुढच्या ऑक्टोबरला तेच ऑइल, तेवढंच तापवून बघ. एकटा आकडा काय सांगत नाय, किती उतरला ते सांगतंय. एवढं करणार असलास तर बसवलास ते माफ.

मांडवाखालचा:
लिहितो. अजून एक, टी टाकल्यापासनं चावी फिरवल्यावर लाल दिवाच लागत नाय. वायर जोडलीय, बल्बबी नवीन टाकला.

लेथवाला:
टेफ्लॉन किती गुंडाळलास?

मांडवाखालचा:
गळू नये म्हणून सात-आठ वेढे. दोन्हीकडं.

लेथवाला:
त्या स्विचला एकच वायर असती, अर्थिंग आट्यातनं मिळतं. तू आटेच गुंडाळून टाकलेस. काढ सगळं, दोन वेढे मार, पुढचा पहिला आटा मोकळा सोड नायतर टेपचे तुकडे ऑइलच्या वाटेत जातात.

पाना नंबर १४:
म्हंजे आठ दिवस दिवा बंद ठेवून हा माणूस आपल्याला सेफ्टी शिकवत होता.

मांडवाखालचा:
काटा चालू होता की अण्णा 🙏 उद्या सकाळी काढतो.