फुटाणा अडकला होता, आता छातीत शिट्टी वाजते – मदत हवी आहे

घाटंजीकर: लेकराच्या घशात दुपारी फुटाणा अडकला. जोरात ठसका लागला, पाठीत थापट्या मारल्या तर मोकळं झालं. फुटाणा पडलेला काही दिसला नाही. आता खेळते, पण श्वासाला शिट्टी वाजते. छातीचा एक्स-रे फोटो काढला, साफ आहे म्हणाले, वाफ देऊन घरी पाठवलं. काय करू? लवकर सांगा, शेवटची यष्टी साडेसहाची आहे.

रात्रपाळी: वय? ओठ निळे पडले होते का? शिट्टी एका बाजूला की दोन्हीकडे?

मामा_वऱ्हाडी: पिकलं केळं चारा, त्याच्यासंगं खाली उतरते. नाही तर पाय धरून उलटं करा.

रात्रपाळी: मामा, केळं अन्ननलिकेतून जाते, फुटाणा श्वासनलिकेत आहे. उलटं केलं अन् तो सरकून स्वरयंत्राखाली बसला तर आत्ता चालू असलेला श्वासही बंद.

घाटंजीकर: दीड वर्ष. ओठ नाही. शिट्टी उजवीकडे, असं सिस्टर म्हणाल्या.

रात्रपाळी: हेच आधी सांगायचं ना! एकाच बाजूला शिट्टी म्हणजे फुटाणा त्या बाजूच्या नळीत असण्याचा दाट संशय. फोटोत नाणं दिसते. फुटाणा, शेंगदाणा, सोला (ओला दाणा) दिसत नाही. फार तर हवा कोंडून ती बाजू फुगलेली दिसते, तीही श्वास सोडताना फोटो काढला तर. ठसका थांबला म्हणून फसू नका. फुटाणा ओल पिऊन फुगतो, मग ताप, निमोनिया. भूल देऊन दुर्बिणीनंच (श्वासनलिकेत कॅमेऱ्याची नळी घालून) काढावा लागतो. नागपूरच्या मेडिकलला (सरकारी दवाखान्याला) फोन करून लहान मुलांची दुर्बीण आज होते का ते विचारा. यष्टी सोडा, 108 बोलवा, ऑक्सिजन असतो.

पोटदाब: पाठीत मारणं मुळातच चूक. हेमलिक म्हणजे पोट दाबणं.

रात्रपाळी: ती 1974 ची पद्धत. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2025 मध्ये पाठ आधी घेतली. पुढं वाकवून दोन खवाट्यांच्या (खांद्यामागच्या हाडांच्या) मधात मनगटाजवळच्या तळव्यानं 5 दणके, मग बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर 5 झटके, आलटून पालटून. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, लिव्हरला इजा होते. त्याच्या छातीच्या मधोमध 5 दाब. अन् हे सगळं आवाज, खोकला बंद पडला तरच. घाटंजीकर, तुमचं लेकरू श्वास घेते, आत्ता काही करू नका. वाटेत आवाज बंद झाला तर हेच. बेशुद्ध पडलं तर छातीवर 30 दाब, तोंडानं 2 श्वास. तोंडात वस्तू दिसली तरच काढा, आंधळं बोट घालू नका.

तळ्याकाठी: माशाचा काटा अडकला तर दहीभात चालते का?

पोटदाब: वेगळा धागा काढा राजेहो.

घाटंजीकर: 108 निघाली. भुकेनं रडते, दूध पाजू?

रात्रपाळी: नको, पाण्याचा घोटही नको. भुलीसाठी पोट रिकामं लागते. शेवटचं कधी, काय खाल्लं ते कागदावर लिहा. कडेवर उभं धरा, रडू देऊ नका. अन् त्याच पुडीतला एक फुटाणा सोबत न्या, दुर्बीणवाल्याला आकार कळते.