फ्लॉरेन्समध्ये जुन्या पालाझ्झोतल्या बुटीक हॉटेलात राहायचे आहे : सल्ला हवा

रंकाळाकाठी

नमस्कार. येत्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, यजमान आणि माझी ७२ वर्षांची आई असे तिघे इटलीला जात असून त्यांपैकी चार रात्री फ्लॉरेन्ससाठी राखून ठेवल्या आहेत. एरवी प्रवासात आम्ही मुक्कामावर फारसा खर्च करत नाही. पण या खेपेला, एकदाच का होईना, जुन्या सरदारी घराचे हॉटेल झालेल्या वास्तूत, म्हणजे तिकडे ज्याला पालाझ्झो म्हणतात तशा ठिकाणी, चितारलेल्या छताखाली झोपायचे असे ठरवले आहे. रात्रीला तिघांचे मिळून ४५० युरोपर्यंत देण्याची तयारी आहे.

अडचण अशी, की छायाचित्रे पाहून पाहून आता सगळी हॉटेले सारखीच वाटू लागली आहेत. तेच झुंबर, तीच मखमली खुर्ची आणि खिडकीत तोच कॅथेड्रलचा घुमट. आईचे गुडघे दुखतात. एक मजला ती सावकाश चढते, दोन मात्र नाही. ती कोल्हापूरला शाळेत इतिहास शिकवत असे, त्यामुळे उफ्फीझी या कलासंग्रहालयापेक्षाही कास्चिने उद्यानातली, १८७० मध्ये फ्लॉरेन्सलाच निधन झालेल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री पाहण्याची तिला ओढ आहे. ती जवळ पडावी म्हणून शहराच्या पश्चिमेला राहावे का, अर्नो नदीच्या अलीकडे राहावे की पलीकडे, आणि पैसे भरण्यापूर्वी हॉटेलला नेमके काय विचारावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

अर्नोकाठची

मी नोकरीनिमित्त अकरा वर्षे फ्लॉरेन्सजवळ राहते आणि येणाऱ्या पाहुण्यांसाठी अशी हॉटेले शोधण्याचे काम हटकून माझ्याकडेच येते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अशा घरांत हॉटेलच्या नावापेक्षा कोणती खोली मिळते हे अधिक महत्त्वाचे असते. नव्या हॉटेलात एका दराच्या सगळ्या खोल्या एका साच्यातल्या असतात. पालाझ्झोत मात्र एका दारामागे पंधरा फूट उंचीचे चितारलेले छत असते आणि त्याच दराच्या शेजारच्या दारामागे पूर्वीच्या नोकरमाणसांची बुटकी खोली. आपल्याकडे वाड्यात दिवाणखाना माडीवर असे, तसेच इथेही आहे. तळमजल्यावर घोडे, कोठारे आणि दुकाने, त्याच्या वरच्या मजल्यावर, ज्याला पियानो नोबिले म्हणतात, मालकांचा वावर, आणि जसजसे वर जावे तसतशी छते खाली येत जातात. चित्रे हवी असतील तर पियानो नोबिलेवरची खोली मागावी. छपरांचे आणि घुमटाचे दृश्य हवे असेल तर सर्वांत वरची घ्यावी. दोन्ही एकाच खोलीत मिळणे विरळाच, आणि जाहिरातीत मात्र दोन्ही एकाच पानावर असतात.

तुमच्या आईंसाठी पियानो नोबिले हा एकच मजला वर असला तरी फसू नका. खालच्या मजल्याचे छतही उंच असल्यामुळे तो एक मजला चढताना आपल्याकडचे दीड-दोन मजले चढल्यासारखे होते आणि दगडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात. लिफ्ट असते, पण वास्तू संरक्षित असेल तर मनाला येईल तिथे भिंत फोडून ती बसवता येत नाही. वारसा खात्याची परवानगी लागते. म्हणून ती जिन्याच्या पोटात किंवा घराच्या आतल्या चौकाच्या कोपऱ्यात, जागा मिळेल तशी बसवलेली असते, तिच्यात दोन माणसे आणि एक बॅग मावते, आणि पुष्कळदा ती रस्त्याच्या पातळीवर सुरूच होत नाही, आधी सहा-आठ पायऱ्या चढाव्या लागतात. तेव्हा ‘लिफ्ट आहे का’ असे विचारून भागत नाही. रस्त्यापासून खोलीच्या पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर आकड्यात मागावे.

जागेबद्दल सांगायचे, तर कास्चिनेजवळ राहू नका. उद्यान साडेतीन किलोमीटर लांब असून छत्री त्याच्या पार पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे अलीकडच्या टोकाला राहूनही ती चालत जाण्याजोगी नाही. एके सकाळी टॅक्सीने जाऊन यावे. बाकीचे चार दिवस तुम्हाला हवे आहे ते सारे मध्यवस्तीत आहे. माझी पसंती नदीपलीकडच्या ओल्त्रार्नोला, त्यातही व्हिया माज्जिओ आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांना आहे. तिथे जुनी सरदारी घरे सलग आहेत, पित्ती राजवाडा आणि ब्रांकाच्ची चॅपेल जवळ आहेत आणि चौकटी बनवणारे, सोनेरी मुलामा देणारे थोडेफार कारागीर अजून तग धरून आहेत. फक्त सान्तो स्पिरितो चौकावर खिडकी उघडणारी खोली घेऊ नये, कारण तो चौक रात्री उशिरापर्यंत जागा असतो.

जुना प्रवासी

वरील सल्ल्याला एक पुरवणी जोडतो. तिघांसाठी एकच खोली घेणार असाल, तर तिसरा पलंग कुठे आहे हे अवश्य विचारावे. आम्ही पाच वर्षांपूर्वी अशाच एका देखण्या हॉटेलात, नाव लिहीत नाही, तिघांची खोली घेतली होती. दार उघडल्यावर छत पाहून सौ. अक्षरशः जागीच उभी राहिली, इतके ते सुंदर होते. तिसरा पलंग मात्र दिसेना. मग सामान आणणाऱ्या मुलाने वर बोट दाखवले. उंच छताचा फायदा घेऊन खोलीतच लाकडी पोटमाळा काढला होता, इटालियनमध्ये त्याला सोप्पाल्को म्हणतात, आणि त्यावर गादी घातलेली होती. वर जायला जिना होता, पण तो शिडीलाच जिना म्हणावे असा. माझ्या ६८ वर्षांच्या सासूबाईंनी एकदा त्या शिडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. चारही रात्री वर मी झोपलो. झोपेतून उठताना तीनदा तुळईवर डोके आपटले, आणि ज्या चित्रासाठी पैसे मोजले होते त्यातल्या एका देवदूताचा पाय तेवढा माझ्या नाकापासून हातभर अंतरावर राहिला.

हॉटेलने फसवले असे म्हणता येणार नाही, कारण तो शब्द खोलीच्या वर्णनात होता. आम्हीच त्याचा अर्थ पाहिला नव्हता. तेव्हापासून मी स्नानगृहाबद्दलही विचारतो. जुन्या घरांत उंच कडांचा टब आणि त्यातच उभे राहून शॉवर, अशी व्यवस्था पुष्कळदा असते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती जिन्याहून अवघड जाते. बिडे मात्र इटलीत जवळजवळ सगळीकडे असतो, एवढी एक गोष्ट आपल्या मंडळींना सुखावणारी आहे.

रंकाळाकाठी

दोघांचेही मनापासून आभार. पोटमाळ्याचा किस्सा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, दोन खोल्या घ्या, पण मला माळ्यावर चढवू नका. आणखी एक शंका विचारते. पोंते व्हेक्कियो या जुन्या पुलाच्या अगदी टोकाशी असलेली दोन-तीन हॉटेले मनात भरली आहेत, खिडकीखाली थेट नदी दिसते. ती ‘ऐतिहासिक’ म्हणवतात, पण छायाचित्रांत इमारत तशी जुनी वाटत नाही. शिवाय काही ठिकाणी तारांकित दर्जाऐवजी ‘रेसिदेन्झा देपोका’ असे लिहिलेले आहे, ते काय असते?

अर्नोकाठची

तुमची नजर चांगली आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फ्लॉरेन्सचे बाकीचे सगळे पूल उडवले. पोंते व्हेक्कियो राखला, पण तो ओलांडता येऊ नये म्हणून दोन्ही टोकांची वस्ती सुरुंग लावून पाडली. पोर सान्ता मारिया, बोर्गो सान याकोपो आणि व्हिया ग्विच्चार्दिनी या रस्त्यांवरची मध्ययुगीन घरे त्यात गेली. म्हणून १३४५ च्या पुलाला खेटून आज ज्या इमारती दिसतात त्यांतल्या बऱ्याचशा युद्धानंतर बांधलेल्या आहेत, मध्येच एखादा जुना मनोरा तेवढा वाचलेला. तिथल्या हॉटेलांत मोठी लिफ्ट, सरळ भिंती, नीट स्नानगृहे आणि नदीचे दृश्य मिळते, चितारलेले छत मिळत नाही. आईंच्या सोयीचा विचार करता ही वाईट निवड मुळीच नाही. फक्त आपण दृश्याचे पैसे देत आहोत, जुन्या घराचे नाही, हे लक्षात असावे.

रेसिदेन्झा देपोका हा संरक्षित ऐतिहासिक वास्तूतल्या निवासासाठी तोस्काना प्रांताच्या कायद्यातला स्वतंत्र वर्ग आहे. त्यात खोल्या मोजक्या असतात आणि पुष्कळदा मूळ कुटुंब वरच्या मजल्यावर अजून राहत असते. तुम्हाला हवे आहे ते घर बहुधा इथेच सापडेल. मात्र तारांकित दर्जा नसल्यामुळे सेवा गृहीत धरू नये. स्वागतकक्षात रात्री माणूस असतो का, हे विचारून घ्यावे. फ्लॉरेन्समध्ये रस्त्यावर हात करून टॅक्सी थांबवण्याची पद्धत नाही, ती थांब्यावरून घ्यावी लागते किंवा फोनवरून बोलवावी लागते, आणि पहाटे सहाला ती बोलावणारा माणूस हॉटेलात नसेल तर त्याची किंमत तेव्हा कळते.

पत्त्याचीही एक गंमत आहे. इथे एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन मालिका चालतात. दुकाने आणि उपाहारगृहे यांना लाल आकडे, घरांना निळे किंवा काळे, आणि लाल २५ व निळा २५ यांच्यामध्ये चांगले शंभर पावलांचे अंतर असू शकते. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ असेल तर तो लाल समजावा.

हिशेबी

थोडा वेगळा सूर लावतो. वर्णनांवर भाळून चारही रात्री इतका खर्च करावा असे मला वाटत नाही. सान्तिस्सिमा अन्नुन्झियाता चौकातले लोज्जियातो देई सेर्व्हिती हे तीन तारांकित हॉटेल पाहावे. समोर वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४१९ मध्ये सुरू केलेल्या अनाथालयाची कमानदार ओसरी, आणि हॉटेल आहे ते तिच्याच जोडीला शोभेल अशा, सोळाव्या शतकात बांधलेल्या ओसरीत. डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमिया दोन-तीन मिनिटांवर आहे. शहरातल्या सर्वांत सुडौल चौकात राहायला मिळते. याउलट व्हिया तोर्नाबुओनीच्या परिसरातली किंवा पोर्ट्रेट फिरेन्झेसारखी नावाजलेली ठिकाणे ४५० युरोंत, तेही ऑक्टोबरमध्ये तिघांसाठी, विसराच.

हिशेबात नगरपालिकेचा मुक्काम कर धरायला विसरू नये. २०२३ च्या दरवाढीत तो चार तारांकित हॉटेलांसाठी दर माणशी दर रात्री ७ युरो आणि पाच तारांकितांसाठी ८ युरो झाला, म्हणजे त्या दराने तुमचे चार रात्रींचे ८४ ते ९६ युरो होतात, आणि बुकिंगच्या रकमेत तो बहुधा नसतो. गाडी भाड्याने घेणार असाल तर मध्यवस्ती परवानगीविना वाहनांना बंद आहे आणि कॅमेरे प्रत्येक पाटी टिपतात. गाडीचा क्रमांक हॉटेलकडून नोंदवून घेतला नाही, तर दंडाचे पत्र काही महिन्यांनी पुण्याला घरपोच येते. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

अर्नोकाठची

लोज्जियातो चांगलेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण धागाकर्तीला चितारलेल्या छताखाली झोपायचे आहे, आणि ती हौस चौक पाहून भागणार नाही. दोन रात्री ओल्त्रार्नोत आणि दोन तिथे, अशी विभागणी तिशीत केली असती. बहात्तराव्या वर्षी दगडी फरसबंदीवरून मध्येच बिऱ्हाड हलवणे नको.

पंचगंगा

छत्रीचा विषय निघाला म्हणून लिहितो. इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना राजाराम महाराज फ्लॉरेन्समध्ये मुक्कामाला होते आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, इथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि नगरात दहनसंस्काराची रीत नव्हती. विशेष परवानगी मिळवून अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अग्निसंस्कार झाला. त्याच जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आतला रंगीत अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आहे आणि छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. तुमच्या मातोश्रींना हे ठाऊक असणारच. टॅक्सीवाल्याला राजाराम हे नाव समजणार नाही, ‘मोनुमेंतो आल्लिंदियानो’ म्हणावे. शेजारच्या मोठ्या पुलालाही ‘इंदियानो’ हेच नाव आहे, तेव्हा पुलावर नव्हे, उद्यानाच्या बाजूने उतरवा असे हॉटेलातूनच बजावून घ्यावे. परतीची टॅक्सी तिथे सहज मिळत नाही. तीच थांबवून ठेवावी.

रंकाळाकाठी

सर्वांचे आभार. तुम्ही सांगितलेले प्रश्न मी पाच ठिकाणी लिहून पाठवले. दोघांनी उत्तर दिले नाही, एकाने केवळ ‘लिफ्ट आहे’ एवढेच कळवले, एकाकडे खोल्या शिल्लक नव्हत्या. पाचवे उत्तर व्हिया माज्जिओजवळच्या एका रेसिदेन्झा देपोकाकडून आले. त्यांनी पायऱ्या मोजून लिहिले आहे : रस्त्यावरून दोन, लिफ्टपूर्वी पाच, लिफ्टनंतर एकही नाही. पियानो नोबिलेवर शेजारशेजारच्या दोन खोल्या मिळून रात्रीला ४७० युरो पडतात. चितारलेले छत दोन्हींपैकी एकाच खोलीला आहे, दुसरी घराच्या आतल्या चौकाकडची असून शांत आहे, आणि तिच्यात कडेचा अडथळा नसलेला शॉवर आहे.

वीस युरो जास्त होतात, ते आम्ही सोसू. शांत खोली आणि शॉवर आईसाठी, छत आमच्यासाठी, असे मी गृहीत धरले होते. पण आईने उत्तर वाचून विचारले, की सकाळचा चहा तिने आमच्या खोलीत येऊन आडवे पडून घेतला तर चालेल ना.